शून्य मिनिटांचा थांबा

रविवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं आणि बावीस सेकंदांनी रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या शीतखोलीत भोंगा वाजला. तीन नंबरच्या फ्रीजरमधलं तापमान त्या वेळी उणे एकतीस होतं. ते उणे ऐंशी असायला हवं होतं.

शीतखोली सांभाळणाऱ्या तंत्रज्ञ बाई पाच मिनिटांच्या अंतरावर राहत. फोनवर इशारा आला तशा त्या घरच्या चपलांवर धावत निघाल्या. सहा चोवीसला त्यांनी फ्रीजरमधली शेवटची पिशवी शेजारच्या फ्रीजरमध्ये हलवली. मग आलेखाकडे बघितलं आणि तिथेच स्टुलावर बसल्या. तापमानाने मर्यादा ओलांडली होती ती सकाळी. भोंगा बारा तास उशिरा वाजला होता.

फ्रीजरमध्ये नऊ रुग्णांच्या पेशी होत्या. आठ जणांना घाई नव्हती. नवव्या रुग्णाला होती.

ती तिसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत होती. वय चौतीस, शाळेत भूगोल शिकवायची. तिच्या अस्थिमज्जेत आजार होता. तीन आठवड्यांपूर्वी तिच्याच मूळ पेशी काढून दोन पिशव्यांत गोठवून ठेवल्या होत्या. शनिवारी सकाळी अकरा वाजता तिला मोठा डोस दिला गेला. तो आजाराबरोबर मज्जाही मारतो. सोमवारी पिशव्या तिला परत चढवायच्या आणि मग शरीराने नव्याने रक्त बनवायला लागायचं, असा बेत होता. पिशव्या नसतील तर शरीर रक्त बनवणार नव्हतं. आणि दिलेला डोस परत काढून घेता येत नाही.

तिची थोरली बहीण त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर, रुग्णालयाच्या संगणक विभागात कामाला होती. काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. प्रत्येक गोष्टीवर शंका काढते म्हणून विभागात तिला शंकासूर म्हणत. भोंग्याचा प्रोग्राम याच विभागाने जावास्क्रिप्टमध्ये लिहिला होता. तो तपासून पास केल्याची सही थोरलीची होती.

तिला बातमी कळली संध्याकाळी सात वाजता, धाकटीसाठी धुतलेले टॉवेल घेऊन जिना चढताना.

*

सोमवारी सकाळी नऊ वाजता संचालकांच्या खोलीत बैठक झाली. शीतखोलीच्या बाई होत्या. सगळं रुग्णालय त्यांना गारठाबाई म्हणायचं, कारण उन्हाळ्यातही त्या स्वेटर घालून फिरत. संगणक विभागाचे प्रमुख होते. त्यांना सगळे दादा म्हणत. पन्नाशीचे, शांत, विभाग त्यांनीच उभा केलेला. थोरली कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती.

"बारा तास भोंगा वाजला नाही. का?" संचालकांनी विचारलं.

"भोंगा गप्प करायचं बटण असतं," दादा म्हणाले. "एकदा दाबलं की चार तास गप्प. तीनदा दाबलं की बारा."

"ते कोण दाबू शकतं?"

"ज्यांच्या फोनवर इशारा जातो ते. म्हणजे बाई."

"मी हातही लावला नाही," गारठाबाई म्हणाल्या. "काल संध्याकाळी वाजला तो पहिलाच."

"बटण दाबल्याची नोंद राहते?"

"नाही. तशी मागणी कधी कुणी केली नव्हती."

"सेटिंगमध्ये घोळ नसेल?"

दादांनी पडदा संचालकांकडे वळवला. प्रत्येक फ्रीजरची एक छोटी कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, होती: नाव, तापमानाची मर्यादा आणि थांबा. दार उघडलं की तापमान क्षणभर चढतंच, म्हणून मर्यादा ओलांडल्यावर किती मिनिटं वाट बघून भोंगा वाजवायचा, तो थांबा. तीन नंबरच्या फ्रीजरपुढे लिहिलं होतं: थांबा ० मिनिटं.

"शून्य. म्हणजे ताबडतोब वाजायला हवा," दादा म्हणाले. "आणि प्रोग्राम सुरू होताना कॉन्फिगमधला प्रत्येक आकडा पडताळतो. एक जरी चुकीचा असला तरी सुरूच होत नाही. ते सगळं ताईंनी तपासलंय."

सगळ्यांनी कोपऱ्यात बघितलं. थोरलीने मान हलवली. ते खरं होतं.

"तुम्हाला हे कधी कळलं?" संचालकांनी दादांना विचारलं.

"आज सकाळी. आल्यावर."

गारठाबाईंनी तोंड उघडलं. "पण दादा, मी तर तुम्हाला..."

"बाई, तुमचं बोलून झालंय," संचालक म्हणाले. त्या दिवशी त्या खोलीत गारठाबाईंच्या शब्दाला वजन नव्हतं. साडेनऊ वाजता त्यांच्याकडून शीतखोलीची किल्ली काढून घेण्यात आली.

*

दुपारी साडेबाराला धाकटीच्या डॉक्टरीणबाई थोरलीला काचेबाहेर भेटल्या.

"पिशवीबरोबर एक छोटी कुपी गोठवलेली असते. ती वितळवून पेशी मोजल्या. शंभरातल्या अडतीस जिवंत आहेत."

"किती असायला हव्यात?"

"सत्तरच्या वर."

"त्या अडतीस वाढतील?"

"बशीत वाढायला ठेवल्यात. उत्तराला चौदा दिवस लागतात."

"माझ्या पेशी?"

"आधीच तपासल्या होत्या ना. जुळत नाहीत."

"मग आता?"

"दोन्ही पिशव्या चढवायच्या. दुसरं काही नाहीये हो."

दुपारी दोन वाजता पिशव्या चढवल्या. गोठवताना घातलेल्या रसायनामुळे खोलीभर उकडलेल्या मक्यासारखा वास पसरला. धाकटीने नाक मुरडलं.

"ताई, फ्रीजर बिघडला होता म्हणे. मी काय मटार आहे का?"

"तू गप्प पडून राहा."

"कुणाला कामावरून काढू नका हं माझ्यापायी. त्या गारठाबाईंनी माझ्या पिशव्यांवर माझं नाव लिहिलं तेव्हा मला म्हणाल्या होत्या, अक्षर चांगलं काढते, म्हणजे हरवणार नाहीस."

थोरली हसली. काचेबाहेर आल्यावर तिने क्षणभर भिंतीला पाठ टेकली. आत डॉक्टर जे करता येईल ते करत होते. तिला एकच काम येत होतं. ती तपासायला निघाली.

*

मंगळवारी सकाळी ती गारठाबाईंच्या घरी गेली. बाई बाल्कनीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. एकच टॉवेल त्यांनी तीनदा घडी घालून मोडला.

"तुलाही वाटतं मी बटण दाबलं?"

"मला काहीच वाटत नाही. मी विचारायला आले. आधी सांगा, थांबा शून्य कुणी ठेवला?"

"मी. आधी पंधरा होता. सगळ्या फ्रीजरना पंधराच आहे."

"मग तीन नंबरलाच शून्य का?"

बाईंनी टॉवेल मांडीवर ठेवला. "अगं, विसरलीस? तुझ्या बहिणीच्या पिशव्या आल्या त्या दिवशी तू खाली आलीस. माझा हात धरलास आणि म्हणालीस, बाई, जिवापाड जपा. तू गेल्यावर मी विचार केला, पंधरा मिनिटं तरी कशाला वाट बघायची? पंधराचं शून्य केलं. पडद्याने हिरवी खूण दाखवली. मान्य म्हणून."

थोरली थोडा वेळ वहीत बघत राहिली. वहीत काही लिहिलेलं नव्हतं.

"त्याआधी भोंगा नीट वाजायचा?"

"नीट? मागच्या महिन्यात दार जरा उघडं राहिलं, तर पंधराव्या मिनिटाला कान किटवले मेल्याने."

"आणि शून्य केल्यावर?"

"एकदाही नाही. मला वाटलं, चला, सगळं शांत आहे."

"रविवारी काय झालं? मिनिटामिनिटाचं सांगा."

"सहा दहाला वाजला. सहा चौदाला रस्त्यावरून दादांना फोन लावला. 'भोंगा आत्ता वाजतोय आणि तापमान पार उतरलंय' म्हटलं."

"पार चढलंय."

"तेच ते. ते म्हणाले, 'बघतो.' काल बैठकीत म्हणे सकाळी कळलं! मी हे सांगणार होते, तर साहेबांनी गप्प केलं." बाईंनी फोन पुढे केला. रविवार, सहा चौदा. बोलणं छत्तीस सेकंद.

बाईंनी आलेखाचा छापील कागदही जपून ठेवला होता. थोरलीने तो गुडघ्यावर पसरला. मर्यादा ओलांडली: सकाळी ६ वाजून १० मिनिटं २२ सेकंद. भोंगा: संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटं २२ सेकंद.

"बाई, तुम्ही बटण दाबलं नाही."

"तेच तर ओरडून सांगतेय!"

"तुम्ही ओरडलात म्हणून नाही. दाबलं असतं तर भोंगा आधी वाजला असता. मग तुमचा हात फोनपर्यंत जाणार. चार तासांनी पुन्हा वाजणार, पुन्हा हात जाणार. प्रत्येक वेळी पाच-दहा सेकंद तरी सांडणारच. इथे बारा तासांत एक सेकंद सांडलेला नाही. हे माणसाच्या हाताचं काम नाही."

"मग कुणाचं?"

"मोजणाऱ्या यंत्राचं. त्याला कुणीतरी बारा तास थांबायला सांगितलं होतं."

*

दुपारी तीन वाजता ती शीतखोलीत उतरली. तीन नंबरचा फ्रीजर दुरुस्त होऊन रिकामाच चालू होता. तापमान मोजणारा प्रोब एका तारेच्या टोकाला होता. कॉन्फिगमध्ये थांबा अजून शून्यच होता. तिने प्रोब बाहेर ओढला आणि मुठीत धरला.

भोंगा लगेच वाजला. कानठळ्या बसवणारा.

तिने पुन्हा केलं. पुन्हा वाजला. एकूण सहा वेळा. सहाही वेळा ताबडतोब.

प्रोग्राम बरोबर होता. ती जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसली. प्रोग्राम बरोबर, तर बाई खोट्या. बाई खऱ्या, तर प्रोग्राम चूक. आणि प्रोग्राम तर तिच्या डोळ्यांदेखत बरोबर चालत होता.

वर काचेच्या खोलीत धाकटीला ताप आला होता. पांढऱ्या पेशी झपाट्याने उतरत होत्या. "हे अपेक्षितच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खाली जाणं अपेक्षित असतं. वर येण्याचं बघायचं."

"कधी वर येतात?"

"दहाव्या, बाराव्या दिवशी. येणार असतील तर."

*

बुधवारी सकाळी थोरली विभागात गेली. दादा बैठकीत होते. दुसऱ्या टेबलावर त्यांचा एकुलता एक सहकारी प्रोग्रामर होता. तो येऊन दहा महिने झाले होते, तरी त्याला सगळे अजून नवाच म्हणत. दोन टेबलांच्या मध्ये, कपाटावर, चाचणीसाठी आणलेला एक जुना भोंगा पडून होता. त्याच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबलेला होता.

"हा बोळा कुणी कोंबला?"

"दादांनी. मी यायच्या आधीच. प्रोग्राम लिहीत होते तेव्हा हा दर पंधरा मिनिटांनी बोंबलायचा म्हणे. डोकं उठायचं त्यांचं." नवा खुर्ची सरकवत म्हणाला, "ताई, मी तुमची वाटच बघत होतो. एक दाखवायचंय. पण आधी सांगतो, ते मी केलेलं नाही."

"काय?"

त्याने बदलांची वही उघडली. म्हणजे संगणकावरची, जिच्यात प्रत्येक ओळ कुणी कधी लिहिली याची नोंद राहते. कॉन्फिगमध्ये एखादा आकडा दिलेलाच नसेल, तर प्रोग्रामने स्वतःहून कोणता घ्यायचा, याची एक यादी होती. त्या यादीत लिहिलं होतं: थांबा ७२०.

सातशे वीस मिनिटं. बारा तास.

ओळीपुढे नाव नव्याचं होतं. तारीख आठ महिन्यांपूर्वीची.

"मी तेव्हा फक्त सगळ्या फाइली नव्या जागी हलवल्या हो. आणि हलवणाऱ्याचंच नाव लागतं. त्याआधीची नोंद नव्या जागी आलीच नाही. आता सगळे म्हणणार, नव्याने केलं."

"हे तू कधी बघितलंस?"

"सोमवारी रात्री झोप येईना म्हणून."

"मग दादांना का नाही सांगितलंस?"

नवा खाली बघत राहिला. "सांगितलं. ते म्हणाले, नाव तुझं आहे, तूच विचार कर."

थोरलीने खालच्या सर्व्हरवर आत्ता चालू असलेली प्रत उघडली. तिथे तीच यादी होती, पण आकडा होता १५. खालची आणखी एक ओळही वेगळी होती. फाइलवर शेवटच्या बदलाची वेळ होती: रविवार, संध्याकाळ, सहा एकेचाळीस.

"सर्व्हरवर थेट कोण लिहू शकतं?"

"कुणीही. आपण सगळे एकच लॉगिन वापरतो ना. फक्त या खोलीतल्या संगणकावरून जमतं, घरून नाही."

"तू रविवारी इथे होतास?"

"मला तर सोमवारी सकाळी तुमच्याचकडून कळलं."

"मग वहीत न नोंदवता हात कुणी फिरवला?"

नव्याने दादांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

एक प्रश्न मात्र उरला होता. सातशे वीस आधीपासून होते की ते घालणारा नवाच होता? जुनी नोंद नव्हती. दादा नाही म्हणाले असते, नवा नाही म्हणालाच होता. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता आणि कागद फक्त नव्याच्या विरुद्ध होता.

"हाच प्रोग्राम आपण अजून कुठे बसवलाय का रे?"

"रक्तपेढीत. मागच्या इमारतीत. पण ती वेगळी प्रत आहे, सुटी. अकरा महिन्यांपूर्वी दादांनी जाऊन बसवली. त्यानंतर तिला कुणी हातच लावला नाही."

"अकरा," थोरली म्हणाली. "आणि तू फाइली हलवल्यास आठ महिन्यांपूर्वी."

नवा उठून उभाच राहिला.

*

रक्तपेढीच्या लोकांना गारठाबाईंनीच फोन करून दार उघडायला लावलं. स्वतः आल्या नाहीत. येण्याची परवानगी नव्हती.

थोरलीने एका रिकाम्या कप्प्याचा प्रोब बाहेर काढून मुठीत धरला. थांबा पंधरा होता. पंधराव्या मिनिटाला भोंगा वाजला. मग तिने पंधराचं शून्य केलं. पडद्याने हिरवी खूण दाखवली. तिने पुन्हा प्रोब धरला.

एक मिनिट. पाच. वीस. तिचा हात घामाने ओला झाला. पंचेचाळीस मिनिटं ती प्रोब धरून उभी होती. भोंगा वाजला नाही.

मग तिने त्या प्रतीची फाइल उघडली. यादीत होतं: थांबा ७२०.

तिने शून्याचं पुन्हा पंधरा केलं, तिथल्या लोकांना शून्य ठेवू नका म्हणून लिहून दिलं, आणि ओल्या हातानेच स्वतःची जुनी वही काढली. तीन वर्षांपूर्वीची, या प्रोग्रामच्या तपासणीची. थांबा या रकान्यापुढे तिच्याच अक्षरात सहा नोंदी होत्या. एक. पंधरा. चौदाशे चाळीस. उणे एक. अक्षरं. मोकळं.

सातवी नोंद नव्हती.

*

गुरुवारी अकरा वाजता संचालकांच्या खोलीत पुन्हा बैठक झाली. थोरलीनेच मागितली होती. गारठाबाई स्वेटर घालून आल्या होत्या. दादा खिडकीपाशी बसले. नवा दाराशी उभा होता.

"भोंगा कुणी बंद केला नव्हता," थोरली म्हणाली. "तो वाट बघत होता. सातशे वीस मिनिटं, सेकंदाला सेकंद."

"पण पडद्यावर शून्य होतं," संचालक म्हणाले.

"पडदा फाइल दाखवतो. फाइलमध्ये शून्यच होतं. प्रोग्राम फाइल वाचतो आणि मग म्हणतो, दिलेला आकडा घे, किंवा तो नसेल तर यादीतला घे. हे 'किंवा' जावास्क्रिप्टमध्ये नेहमीच्या पद्धतीने लिहिलं, तर त्याला शून्य आणि काहीच नसणं यांतला फरक कळत नाही. बाईंनी शून्य दिलं. प्रोग्रामला वाटलं, काहीच दिलं नाही. त्याने यादीतला आकडा उचलला."

"आणि ती पडताळणी? चुकीचं असेल तर सुरूच होत नाही, असं दादा म्हणाले होते."

"पडताळणी होती. पण यादीतून भरून झाल्यावर. तिच्या हातात शून्य आलंच नाही, सातशे वीस आले. आकडा आहे का? आहे. चौदाशे चाळीसच्या, म्हणजे एका दिवसाच्या, आत आहे का? आहे. तिने हिरवी खूण दिली. आधी पडताळून मग भरायला हवं होतं."

"यादीत सातशे वीस कुणी घातले?"

"ज्याच्या टेबलाशेजारी चाचणीचा भोंगा दर पंधरा मिनिटांनी वाजायचा त्याने. आधी बोळा कोंबला. तरी आवाज यायचा. मग यादीत बारा तास टाकले, म्हणजे ऑफिस सुटेपर्यंत शांतता. ते काढायचं राहून गेलं. सगळे फ्रीजर पंधरावर होते, म्हणून यादीकडे कुणी वळलंच नाही. कुणी शून्य देईपर्यंत."

"पण ओळीवर याचं नाव आहे ना?" संचालकांनी दाराकडे बोट केलं.

"त्याने आठ महिन्यांपूर्वी फाइली हलवल्या. रक्तपेढीतली प्रत अकरा महिन्यांपूर्वीची आहे, तो इथे यायच्या आधीची. तिच्यातही सातशे वीस आहेत. काल मी पाऊण तास तिच्यापुढे उभी होते."

दादा खिडकीबाहेर बघत होते.

"मग परवा शीतखोलीत भोंगा लगेच कसा वाजला?" संचालकांनी विचारलं. "तुम्हीच सहा वेळा वाजवलात म्हणे. माझ्या खोलीत ऐकू आला."

"कारण रविवारी सहा एकेचाळीसला कुणीतरी आमच्या विभागातल्या संगणकावरून सर्व्हरवरच्या दोन ओळी, यादीतला आकडा आणि ते 'किंवा', दुरुस्त केल्या. बदलांच्या वहीत नोंदवलं नाही, कारण नोंदवलं असतं तर नाव आणि वेळ उमटली असती. त्या वेळी भोंग्याची गोष्ट दोनच माणसांना ठाऊक होती. एक बाई, त्या खाली शीतखोलीत होत्या. दुसरा, ज्याला बाईंनी सहा चौदाला फोन केला तो." तिने बाईंचा फोन टेबलावर ठेवला. "दादा, तुम्ही इथे म्हणालात, सोमवारी सकाळी कळलं."

दादांनी चष्मा काढला.

"मला वाटलं, अजून कुठल्या फ्रीजरला शून्य असेल तर? धावत आलो. आधी दुरुस्त केलं."

"ते बरोबर केलंत," थोरली म्हणाली. "रक्तपेढी विसरलात, पण बरोबर केलंत. मग?"

"मग..." ते गारठाबाईंकडे बघू शकले नाहीत. "बाईंचं काय, चौकशीत पुरावा नाही म्हणून सुटल्या असत्या. असं वाटलं."

"आणि मी?" नवा दारातून म्हणाला.

दादा चष्म्याच्या काचा पुसत राहिले.

"सुटले असते?" गारठाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "दादा, तीन दिवस माझा नवरा माझ्याशी हळू आवाजात बोलतोय. आजाऱ्याशी बोलतात तसा."

संचालकांनी कागद ओढला. "म्हणजे दोष एकाच माणसाचा."

"नाही," थोरली म्हणाली. "दोन नावं लिहा." तिने जुनी वही उघडून पुढे सरकवली. "मोकळं तपासलं, उणे तपासलं. शून्य तपासलं नाही. कुणी शून्य कशाला देईल, असं मला वाटलं असणार. आणि ज्या बाईंनी दिलं, त्यांना जिवापाड जपा असं मीच सांगितलं होतं. थांबा पंधरा राहिला असता तर रविवारी सकाळी सहा पंचवीसला भोंगा वाजला असता."

संचालकांनी दोन नावं लिहिली. दादांना त्याच दिवसापासून कामावरून दूर ठेवण्यात आलं. गारठाबाईंना किल्ली परत मिळाली. बाहेर पडताना त्या थोरलीपाशी थांबल्या, स्वेटरची बाही खाली ओढली आणि जिना उतरून गेल्या.

चूक सापडली होती. तिसऱ्या मजल्यावर त्याने काही बदललं नाही.

*

रुग्णालयाचे तपासणी अहवाल जिथे दिसतात तो पडदाही याच विभागाचा होता, तोही दादांनी लिहिलेला. त्यावर पांढऱ्या पेशींच्या रकान्यात रोज सकाळी एक आडवी रेघ दिसे. अहवाल आला नसेल तर तो पडदा रेघ दाखवायचा. पिशव्या चढवल्यापासून सातव्या दिवशी थोरलीने त्याची फाइल उघडून बघितली. तिथेही तेच 'किंवा' होतं. अहवाल शून्य आला, तरी रेघच. नवा दुरुस्तीचा अर्ज देऊन बसला होता; प्रमुखाची सही लागणार होती, आणि प्रमुख नव्हता.

म्हणून ती रोज सकाळी रेघ बघून प्रयोगशाळेत फोन करायची. आठव्या दिवशी उत्तर आलं, शून्य. नवव्या दिवशी शून्य. दहाव्या दिवशी शून्य. अकराव्या दिवशीही शून्य.

धाकटीच्या तोंडात फोड आले होते. बोलता येत नव्हतं. ती पाटीवर लिहायची. अकराव्या दिवशी संध्याकाळी तिने लिहिलं: मटार कसे आहेत?

थोरलीने काचेवर दोन्ही तळवे टेकवले. 

बाराव्या दिवशी, शनिवारी, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी पडद्यावर आडवी रेघ होती. तिने फोन लावला.

"तिसरा मजला, काचेची खोली. आजचं शून्य आहे, की अजून आलेलं नाही?"

पलीकडच्या माणसाने नमुन्यांची रांग बघितली.

"नमुना पोचलाय ताई. आत्ताच यंत्रावर चढवलाय. अजून आलेलं नाही."